अकराव्या पानावरची ओळ

लग्नात, बारशाला, एकदा तर चक्क तेराव्याच्या जेवणाला लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं आहे, "वैद्य, आमच्या ब्लॉकचे आज किती येतील हो?" मी दरवेळी उलट विचारतो, "किंमत कशासाठी हवी?" माणूस चिडतो. त्याला वाटतं, हा आता फी सांगणार. पण आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो. विकायचं असेल तर एक किंमत, बँकेला तारण द्यायचं असेल तर दुसरी, भावाला वाटा द्यायचा असेल तर तिसरी, विमा उतरवायचा तर चौथी. जागा तीच आणि भिंतीही त्याच. सरकारमान्य मूल्यांकनकार असं माझ्या पाटीवर लिहिलेलं होतं. दादरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना तो शब्द झेपायचा नाही, ती मला किंमतकाका म्हणायची. सदतीस वर्षं माझं घर त्या चार किमतींवर चाललं.

माझं बरंचसं काम छोट्या-मोठ्या कंपन्यांचं. जमीन, शेड, यंत्रं बघायची, आज त्यांचे किती येतील ते लिहून सही करायची. माणसं काय काय करतात म्हणून सांगू. परळच्या एका गाळ्यात मालकानं माझ्या पाहणीच्या आदल्या दिवशी सगळ्या लेथ मशिनींना हिरवा रंग मारून घेतला होता. मी सवयीनं मशीनवर हात ठेवला, तो हिरवा झाला. मालक म्हणाला, "साहेब, मुलगी दाखवताना पावडर लावतातच की." मी म्हटलं, "पावडरीला माझी हरकत नाही, आता तिला दोन पावलं चालून दाखवा." मशीन चालू केली तेव्हा ती अशी खोकली की मालकच हसायला लागला. दुसरीकडे दोन भागीदार वेगळे होत होते. राहणाऱ्याला किंमत कमी हवी, जाणाऱ्याला जास्त. दोघे एकाच आठवड्यात, एकमेकांना न सांगता, एकाच दुकानाचे पेढे घेऊन माझ्या घरी आले. मी दोघांचे परत केले. बायको आठवडाभर म्हणत होती, निदान एकाचे ठेवायचे.

ह्या गमती मी बऱ्याच सभांमधून सांगितल्या आहेत. अण्णा परबांच्या बर्फाच्या कारखान्याचं मात्र कुठल्याच सभेत सांगितलं नाही. ते आता लिहितो आहे, कारण अण्णा आता नाहीत, आणि त्यांच्या नावावर एक खोटं माझ्यामुळे चिकटलं आहे.

कारखाना भोईवाड्याच्या एका गल्लीत होता, त्यांच्या वडिलांनी घातलेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी अमोनियाचा वास नाकात गेला, मग पायाखाली लाकडी फळ्या. त्या फळ्यांखाली मिठाच्या गार पाण्याची मोठी टाकी, आणि तिच्यात पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे सोडलेले. डब्यातलं पाणी गोठलं की गोपाळ मिस्त्री साखळीनं डबा वर ओढायचा, कोमट पाण्यात बुडवायचा आणि वाकवला की लादी सुळ्ळकन बाहेर. अकरा माणसं कामाला. दारात कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आलेले टेम्पो उभे. एक कोळीण बाई मला कॉम्प्रेसरच्या बिल्ल्यावरचे आकडे वहीत टिपताना बघून म्हणाली, "किंमत करतोस? माझे बोटीवर ये आन् बर्फाशिवाय चार दिस ऱ्हा, मंग कर किंमत." अण्णा हसले. मीही हसलो आणि पुढचा आकडा टिपला.

ह्या कारखान्याची एक रीत होती. आजूबाजूच्या चाळीत कुणी गेलं आणि गावाहून मुलगा किंवा भाऊ यायचा असला, की देहाजवळ ठेवायला बर्फ ह्या कारखान्यातून जायचा. दोन लाद्या, गोणपाटात गुंडाळून. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, अशी अण्णांच्या वडिलांची ताकीद होती. त्या लाद्या विक्रीच्या लाल रजिस्टरात सुद्धा लिहीत नसत.

आता अण्णांनी मला का बोलावलं ते सांगतो. वडिलांनी जागा घेतली तेव्हा त्या गल्लीत म्हशी बांधत. त्यांनी जे पैसे मोजले तोच आकडा इतकी वर्षं कंपनीच्या ताळेबंदात छापून येत होता. आजच्या भावानं तेवढ्यात तिथे स्कूटर लावायला जागा मिळाली नसती. यंत्रांची तऱ्हा वेगळी. त्यांची किंमत झिजेपोटी दरवर्षी कमी करत करत जवळपास शून्यावर आलेली. म्हणजे कागदावर बघाल तर कंपनीकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच नाही. आणि कर्ज मात्र खरं होतं, कारण जुने कॉम्प्रेसर वीज पीत होते आणि अण्णांनी बँकेकडून पैसे उचलून नवे घेतले होते. मालकाचा एक रुपया, तर बँकेचे चार, असं चित्र. असं चित्र दिसलं की बँक घाबरते आणि घाबरलेली बँक जास्त व्याज लावते. अण्णांचा नफा सगळा त्या व्याजात जात होता. नाकापेक्षा मोती जड झाला होता. चार माणसं कमी करावी लागतील, असं ते मला म्हणाले, आणि त्या चौघांची नावं त्यांनी घेतली नाहीत.

अशा वेळी कंपन्या आपल्या मालमत्तेचं मूल्यांकन नव्यानं करून घेतात. आम्ही आजची किंमत लिहून देतो. जुन्या आणि नव्या किमतीतला जो फरक, तो मालकाच्या बाजूला राखीव म्हणून मांडला जातो. लगेच मालकाचा रुपया मोठा दिसतो आणि बँकेचे चार लहान. कारखान्यातली एक वीट हललेली नसते, पण बँकेच्या लेखी तुम्ही भरवशाचे झालेले असता आणि व्याज उतरतं. काही बँका हुशार असतात, ही वाढ भांडवलात धरत नाहीत, कागदी फुगवटा म्हणतात. अण्णांच्या बँकेनं धरली. पण एक गोष्ट मी प्रत्येक मालकाला बजावून सांगायचो. ह्या राखीवातला एक पैसासुद्धा वाटता येत नाही, घरी नेता येत नाही. जागा विकाल त्या दिवशी तो पैसा होईल, तोवर तो फक्त आकडा आहे.

आता माझी करामत ऐका. त्या जागेच्या दोन किमती होत्या. बर्फाचा कारखाना चालू ठेवून धरली तर एक, बेताची. आणि कारखाना पाडून, माणसं काढून, जागा मोकळी करून बिल्डरला दिली असं समजून धरली तर दुसरी, तिच्या नऊपट. नियमानं दोन्ही मांडता येतात, फक्त कुठली कशाच्या आधारावर ते लिहावं लागतं. बेताच्या किमतीनं व्याज जेमतेम पाव टक्का उतरलं असतं. मी दुसरी घेतली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात तो आकडा घातला, आणि अकराव्या पानावर तळाला बारीक टाइपात एक ओळ टाकली, की ही किंमत जागा पूर्ण मोकळी व कारखाना बंद आहे असे गृहीत धरून काढली आहे. खोटं काहीच नव्हतं. बँकेच्या साहेबांनी पहिलं पान वाचलं. व्याज दीड टक्का उतरलं आणि चौघांच्या नोकऱ्या राहिल्या. अण्णा माझ्या ऑफिसात आले, खुर्चीत बसले. मग म्हणाले, "वैद्यानू, यंदा गौरीक घरी जेवूक येवा." मला त्या दिवशी माझ्या धंद्याचा फार अभिमान वाटला, तो कबूल करायला हवा.

गौरीचं जेवण ही परबांकडे दुहेरी गोष्ट असायची. वडिलांनी कंपनी मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावावर निम्मी निम्मी करून ठेवलेली. मुलगी म्हणजे शालूताई, गिरगावात दिलेली. ती गौरीला माहेरी यायची, आणि कंपनीची वार्षिक सभाही त्याच दिवशी, त्याच घरात, लालबागच्या चाळीतल्या तिसऱ्या माळ्यावर, पानं मांडायच्या आधी व्हायची. अण्णा ताळेबंद पुढे करायचे, शालूताई न वाचता सही करायची, वहिनी तिची ओटी भरायच्या, सभा संपली. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माहेरचा कागद कोण वाचतं?

त्या वर्षी मी होतो आणि अण्णांनी बँकेच्या साहेबांनाही मोठ्या कौतुकानं बोलावलं होतं. आधी जेवण झालं तर बरं, साहेबांना घाई आहे, म्हणून पानं आधी मांडली. घावन-घाटलं, पाच भाज्या, वाफाळता भात. शालूताई वाढायला मदत करत होती. वर्षभरापूर्वी तिचे यजमान गेले होते, तरी माहेरची ओटी भरायचीच असं वहिनींनी ठरवलं होतं. वाढून झाल्यावर ती सही करायला म्हणून कागद घेऊन कॉटवर टेकली, आणि ह्या खेपेला तिनं तो वाचला. कदाचित घरात आता सगळे कागद तिलाच वाचावे लागत होते म्हणून असेल.

"अण्णा, ही जागेची किंमत?"

अण्णा घास हातात धरून म्हणाले, "ती नवीन केली. ह्या वैद्य साहेबांनी करून दिली. व्याजासाठी."

तिचं बोट त्या आकड्यावर होतं, शून्यं मोजत होती. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी तुझ्याकडे आले होते."

मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं. यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. खासगी इस्पितळाचा खर्च आवाक्याबाहेरचा, म्हणून ती भावाकडे आली होती. कंपनीतून काही काढता येईल का? अण्णांनी हिशेब तिच्यापुढे टाकला, स्वतःच्या खात्यातले होते नव्हते ते चाळीस हजार दिले आणि म्हणाले, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तिनं बांगड्या मोडल्या, तरी पुरेना. मग पालिकेच्या इस्पितळात नंबर लावला. नंबर यायच्या आधी ते गेले. तिनं भावाला कधी एका शब्दानं दोष दिला नव्हता. आड कोरडा होता, तो तरी काय करणार, असं ती सगळ्यांना सांगायची.

"तू म्हणाला होतास आडात नाही," ती म्हणाली. "आड तर काठोकाठ भरलाय, अण्णा."

"ता कागदावरचा आसा गो शालू," अण्णा गावच्या बोलीत आले. "हातात काय एक नाय. तेवाय नाय होता, आताय नाय."

"कागदावरचं म्हणजे खोटं?"

अण्णांनी हातातला घास पानात ठेवला. बँकेचे साहेब समोर जेवत होते. तिनं मग माझ्याकडे पाहिलं. "वैद्यभाऊ, तुमची सही आहे ह्याच्यावर. ही किंमत खरी आहे की खोटी?"

मला फक्त अकराव्या पानावरची ओळ तोंडानं सांगायची होती. ताई, खरी आहे, पण कारखाना बंद करून जागा विकली तरच. तुमच्या भावाकडे तेव्हा खरंच काही नव्हतं. इतकंच. पण साहेब माझ्या उजव्या हाताला होते. त्यांनी ती ओळ वाचलेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ती उच्चारली असती तर ते म्हणाले असते, कारखाना तर चालू आहे, मग ही किंमत धरलीत कशी? व्याज पुन्हा चढलं असतं, ते चौघे पुन्हा यादीवर आले असते. आणि माझं काय झालं असतं? त्या बँकेची वर्षाला वीस-पंचवीस कामं मला मिळत. मी ते चार कामगार पुढे करून स्वतःची समजूत घातली, पण खरं कारण ती वीस-पंचवीस कामं होती. अण्णा माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती त्या नजरेत, नुसती वाट बघत होते, की हा जाणकार माणूस आता नीट समजावून सांगेल.

"खरी आहे," मी म्हणालो, आणि घावनाचा तुकडा घाटल्यात बुडवला.

शालूताईनं सही केली नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवला, गौरीला नमस्कार केला आणि ओटी न घेता जिना उतरली. वहिनी नारळ घेऊन मागे धावल्या. साहेबांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम?" अण्णा म्हणाले, "काही नाही, घरगुती."

नंतरचं लवकर झालं. वकिलाची नोटीस आली. तिला तिचा निम्मा हिस्सा हवा होता, आणि हिस्सा माझ्या आकड्यावर मोजलेला. चालू कारखान्यातून तेवढे पैसे सात जन्मांत निघाले नसते. बँक आणखी कर्ज देईना, कारण कर्ज फेडणार कशातून? जागा कितीही मोठ्या किमतीची असली तरी हप्ता बर्फातूनच जायचा होता. हे मी अण्णांना आधी सांगायला हवं होतं, की जागेची किंमत वाढवली की व्याज उतरतं, पण कमाई तेवढीच राहते, आणि वाटेकरी मात्र नव्या आकड्यानं वाटा मागतो. दीड वर्षात कारखाना विकला गेला. बिल्डरनं दिलेली रक्कम माझ्या आकड्याच्या इतकी जवळ आली की एका व्यवसायबंधूनं मला फोन करून अभिनंदन केलं. अकराच्या अकरा माणसं गेली. ज्या चौघांना वाचवलं म्हणून मी मिरवत होतो ते आधी गेले.

अण्णांनी मला कधी जाब विचारला नाही. रस्त्यात भेटले की चहा पाजायचे. एकदा मीच विषय काढला, म्हटलं, मी शालूताईंकडे जाऊन सगळं सांगतो. ते म्हणाले, "आता नको. तिला वाटतं मी खोटं बोललो. आता तुम्ही सांगितलंत तर तिला वाटेल ती उगाच भांडली, कारखाना तिच्यामुळे गेला. ते ओझं तिला कशाला?" त्यांचा हा मोठेपणा मी सोयीस्करपणे मान्य केला. शालूताई गिरगावातच राहिली, गौरीला आली नाही. पैसे मिळाल्यावरही अण्णा चाळीतून हलले नाहीत.

गेल्या वर्षी एका सकाळी वहिनींचा फोन आला. अण्णा पहाटे गेले होते. मी लालबागला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मुलगा परदेशात, त्याचं विमान संध्याकाळी येणार, तोवर थांबायचं होतं. मंडळाच्या पोरांनी काचेची थंड पेटी आणली होती, पण ती दुसऱ्या माळ्याच्या वळणावर अडकली. उभी करून बघितली, आडवी करून बघितली, वळेना. शेवटी परत खाली नेली. उकाडा फार होता. पोरं फोनवर बर्फ शोधत होती. "आइसक्यूब चालतील का?" एकानं विचारलं.

शालूताई आली होती. अण्णांच्या पायाशी बसली होती, पंख्याकडे बघत. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिथेच, त्या गर्दीत, तिला सगळं सांगितलं. दोन किमती, अकरावं पान, साहेब, घावन. अण्णांकडे तेव्हा खरोखर काही नव्हतं, हे सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "हे ते असताना सांगायचं होतंत, भाऊ."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गोपाळ मिस्त्री, साठी उलटलेला, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन तीन माळे चढून आला. मागे त्याचा जावई दुसरी घेऊन. कुठून तरी लांबून टेम्पो करून आणल्या होत्या. सदरा पाठीवर भिजला होता, धाप लागली होती. त्यानं दोन्ही लाद्या अण्णांच्या अंगालगत नीट लावल्या, गोणपाट सारखं केलं, हात जोडले.

शालूताईनं पर्स उघडली. "मिस्त्री, टेम्पोचे आणि ह्याचे किती झाले?"

गोपाळनं मान हलवली. "ह्याचे पैसे आपण घेत नाही, ताई."

तिनं पर्स मिटली. मग पदर कमरेला खोचला, खाली वाकली आणि त्याच्याबरोबर ती लादीच्या बाजूचं पाणी टिपायला लागली.